कव्हरवर नाव कुणाचं?



चळवळीत काम करणाऱ्या बाईने पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवर का लिहावं, असा प्रश्न काहींना पडेल. पडू द्या. गेल्या महिन्याभरात मी ते जुने अल्बम पुन्हा ऐकले आणि मला माझी आत्या आठवली. म्हणून लिहिते आहे.

एम.ए.ला असताना हॉस्टेलमध्ये रूममेटच्या लॅपटॉपवर हे संगीत पहिल्यांदा कानावर पडलं. किंग क्रिम्सनचा 1969 चा पहिला अल्बम, येसचा 'क्लोज टू द एज' आणि जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' (दोन्ही 1972), पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973). तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून एलपीची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना. 'थिक ॲज अ ब्रिक' तर दोन्ही बाजूंवर पसरलेलं एकच गाणं. मला ते मनापासून आवडलं. पण त्याच खोलीत वामनदादा कर्डकांची गाणी मात्र मी हेडफोन लावून ऐकायचे. 'टेस्ट' असते ती त्यांची, आपली ती वस्तीतल्या भोंग्यावरची गाणी, हे मला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. तरी ते मला कळलं होतं. पुढे बोर्द्यू वाचताना त्या लाजेचं कारण सापडलं. आवडनिवडही वर्गाची खूण असते आणि सांस्कृतिक भांडवल ज्याच्याकडे, त्याचीच आवड 'उच्च' ठरते.

आता ती लाज उरलेली नाही. त्यामुळे या वेळी संगीताला भुलण्याआधी श्रेयनामावली वाचली. सुरुवात बँडच्या नावापासूनच केली. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल हे अमेरिकेच्या दक्षिणेतले दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायक. सिड बॅरेटने एका रेकॉर्डच्या कव्हरवरच्या मजकुरात त्यांची नावं वाचली आणि दोन्ही पहिली नावं जोडून बँडला दिली. 1973 मध्ये 'डार्क साइड' आला तेव्हा ते दोघेही हयात होते. 1973 ते 1988 या काळात तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण 741 आठवडे राहिला. त्या दोघांचं नाव घरोघरी गेलं. त्यांचं गाणं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

याच अल्बममध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे. त्यात एक बाई शब्दांशिवाय गाते. कधी किंकाळी, कधी कण्हणं, शेवटी थकून शांत होणं. ती क्लेअर टोरी. जानेवारी 1973 मध्ये एका रविवारी तिला ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. पियानोची स्वरावली तयार होती, पण गायचे शब्द नव्हते आणि चालही लिहून दिलेली नव्हती. आपला आवाजच एखाद्या वाद्यासारखा वापरून तिने ते तिथल्या तिथे घडवलं. रविवारचा दुप्पट दर धरून तिला 30 पौंड मिळाले. कव्हरवर गायिका म्हणून तिचं नाव होतं, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या रिचर्ड राइटचं. 2004 मध्ये ती कोर्टात गेली. 2005 मध्ये तडजोड झाली आणि बत्तीस वर्षांनी तिला सहरचनाकाराचं श्रेय मिळालं.

यावर कुणी म्हणेल, तिने ठरलेले पैसे घेतले होते, मग तक्रार कशाची? माझं उत्तर असं: पैसे तिच्या तीन तासांचे दिले, तिच्या निर्मितीचे नव्हे. गाणाऱ्याला हात समजायचं आणि डोकं दुसऱ्याचं मानायचं, ही ती चलाखी. लंडनच्या या गोष्टीला जात म्हणणं चूक ठरेल. टोरीला कोर्टाचा दरवाजा उघडा होता, वकील परवडला, पुरावा म्हणून रेकॉर्ड होती. पण श्रमाला निर्मितीपासून तोडायची ही रीत आपल्या ओळखीची आहे. कारण ज्या समाजाने ढोल, हलगी, तमाशा घडवला, त्याला कलावंत न म्हणता बलुतेदार म्हणायची रीत इथे शतकानुशतकं चालली.

माझी आत्या गायन पार्टीत कोरस गायची. एका भीमगीतांच्या कॅसेटमध्ये तिचा आवाज आहे. मुख्य गायक कडवं संपवतो आणि वर ती जी तान उचलते, ती तिला कुणी शिकवली नव्हती. मिळालं काय, तर जाण्यायेण्याचं भाडं आणि एक साडी. कव्हरवर गायकाचा फोटो आहे, कंपनीचं नाव आहे, आत्याचं नाव नाही. ढोलकीवाल्याचंही नाही. आणि हे सगळं आपल्याच माणसांनी केलं, हे लिहिताना पेन अडतं. तरी लिहायला हवं. ती गेली तेव्हा शोकसभेत ती 'धार्मिक वृत्तीची गृहिणी' होती असं कुणीतरी म्हणालं. ती गायिका होती, हे मीसुद्धा उठून सांगितलं नाही.

मित्रांनो, पिंक फ्लॉइड ऐकू नका, असं मी म्हणत नाही. मी आजही ऐकते, आता हेडफोन न लावता, आणि वामनदादाही तसेच. मागणं एवढंच आहे. तुमच्या वस्तीत जुन्या गायन पार्ट्यांमधली जी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे मोबाइल घेऊन जा. जुनी कॅसेट लावा. कोरस कुणाचा, ढोलकी कुणाची, चाल कुणी बांधली, एकेक नाव विचारून लिहून घ्या. येत्या 14 एप्रिलला ते गाणं वाजण्याआधी ती नावं माइकवरून वाचा.

टोरीला बत्तीस वर्षं लागली. आपल्याकडे तितका वेळ नाही. नावं सांगणारी माणसं एकेक करून जाताहेत.

जयभीम.