मोकळ्या जागेचा बंदोबस्त

चि. सौ. वासंती हिस,


तुझे पत्र पावले आणि त्यासोबतची, प्रवासव्यवस्थापकाने करून दिलेली स्थळांची यादही पावली. यादीत चर्चे, चित्रसंग्रह, मनोरे आणि थडगी यांची रेलचेल आहे. परंतु एका इमारतीतून निघून दुसरीत शिरेपर्यंत ज्या जमिनीवरून तुम्ही उभयता चालणार, त्या रस्त्यांचा आणि चौकांचा उल्लेख मात्र वाटेवरचे थांबे म्हणूनच काय तो केलेला आढळतो. ज्याची उमेदीची वर्षे नगररचना खात्याच्या दप्तरात, अमक्याचा ओटा रस्त्यावर दोन हात पुढे आला आणि तमक्याने गटारावर दुकान थाटले, असल्या प्रकरणांचे कागद चाळण्यात गेली, त्या तुझ्या काकाला इटलीत काय पाहावेसे वाटले असेल, हे तू ओळखलेच असशील. मला तेथील मोकळी जागा पाहावीशी वाटली. आणि ती कोणाच्या हुकुमाने व कोणत्या अटींवर इतकी शतके मोकळी राहिली, याचा शोध घेण्यातच माझा बहुतेक वेळ गेला.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, फ्लॉरेन्समधील एक दिवस कमी झाला तरी चालेल, पण सिएनास मुक्काम कर. तेथील पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्याच्या आकाराचा असून, तीन टेकड्यांच्या सांध्यावरील उतार सपाट करण्याच्या फंदात न पडता त्या उताराचाच उपयोग करून तो बांधलेला आहे. तांबड्या विटा उभ्या कडेवर तिरप्या रचून केलेली त्याची फरसबंदी 1349 साली पूर्ण झाली. तीतून पांढरट दगडाच्या रेषा खाली उतरत जातात आणि चौकाचे नऊ भाग पाडतात. हे नऊ म्हणजे 1287 पासून 1355 पर्यंत नगराचा कारभार पाहणारे नऊ कारभारी. त्यांची मुदत अवघी दोन महिन्यांची असे, आणि ती संपेपर्यंत त्यांनी चौकाच्या तळाशी असलेल्या सरकारवाड्यातच राहावे, असा शिरस्ता होता. सर्व रेषा त्या वाड्याच्या पायथ्याशी एकत्र येतात, आणि पावसाचे पाणीही तेथील मोरीकडेच धावते. भर पावसात एका दुकानाच्या छपराखाली उभा राहून मी हे पाणी पाहिले आहे. अमुक विटेवरचे पाणी अमुक वाटेने जावे, याचा विचार साडेसहाशे वर्षांपूर्वी करून ठेवलेला असल्यामुळे, सर थांबल्यावर थोड्याच वेळात माणसे पुन्हा त्याच विटांवर फतकल मारून बसली.

परंतु या चौकाचे खरे रहस्य विटांत नसून कायद्यात आहे. 1297 साली, म्हणजे सरकारवाड्याचे काम सुरू झाले त्याच सुमारास, नगरसभेने असा ठराव केला की, ज्या घराचे तोंड या चौकाकडे असेल त्याच्या खिडक्या लहान खांबांनी विभागलेल्या असाव्यात आणि त्यास पुढे काढलेला सज्जा असू नये. घर तुझे, विटा तुझ्या, पैसा तुझा. पण चौकाकडे पाहणारा चेहरा मात्र नगराचा, असा त्या ठरावाचा इत्यर्थ. तेथील धनिक मंडळी भांडकुदळ होती, एकमेकांच्या वरताण मनोरे उभारण्याची त्यांना हौस होती. तरीही या एका पटांगणाभोवती त्यांची घरे जणू एकाच हाताने बांधल्यासारखी शिस्तीत उभी आहेत. त्या सरकारवाड्यात, नऊजणांच्या बैठकीच्या दालनात, आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने 1338 आणि 1339 या सालांत सुशासन व दुःशासन यांची भित्तिचित्रे काढली. सुशासनाच्या नगरीत देवदूतांची दाटी नाही; तेथे चांभाराचे दुकान आहे, शिकविणारा पंतोजी आहे, परांचीवर चढलेले गवंडी आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत फेर धरून नाचणारी मंडळी आहेत. कारभाऱ्याने मान वर केली की त्याच्या कारभाराचे प्रयोजन भिंतीवर दिसावे, ही योजना मला फार आवडली.

दोन जुलै आणि सोळा ऑगस्ट या दिवशी येथे पालियो नावाची घोड्यांची शर्यत होते. सतरा मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे चौकाच्या कडेने, मुद्दाम आणून टाकलेल्या मातीवरून, खोगिराविना तीन फेऱ्या मारतात. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की मोहल्ला जिंकला. ती पाहण्याचा हट्ट मात्र धरू नकोस. उन्हात तासन् तास दाटीने उभे राहावयाचे आणि दीड मिनिटात सर्व आटोपावयाचे, हा सौदा तिथल्या रहिवाशांना परवडतो, कारण त्यांची अब्रू पणास लागलेली असते; आपले तेथे काय आहे?

सिएनाच्या उलट तऱ्हा बोलोन्याची. तेथे चौकापेक्षा रस्ते पाहावेत, आणि रस्त्यांपेक्षाही त्यांच्या दोहों बाजूंनी अखंड धावणाऱ्या कमानदार ओवऱ्या. विद्यापीठामुळे गावात परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी झाली, घरे अपुरी पडू लागली, तेव्हा घरमालकांनी वरच्या मजल्यावरील खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि त्यांना खालून लाकडी खांबांचा टेकू दिला. आमच्या खात्याच्या भाषेत हे उघडउघड अतिक्रमण. याचा बंदोबस्त दोनच प्रकारांनी होऊ शकतो, असा माझा नोकरीतील अनुभव: पाडून टाका, किंवा दंड भरून घेऊन डोळेझाक करा. बोलोन्याच्या कारभाऱ्यांनी तिसराच मार्ग काढला. 1288 च्या कायद्याने त्यांनी फर्मावले की, ज्याच्या घराला अशी ओवरी असेल त्याने ती नीट राखावी, नसेल त्याने बांधावी. तिची उंची घोडेस्वार जाऊ शकेल इतकी असावी. जमीन मालकाचीच राहील, दुरुस्तीचा खर्चही तोच सोशील, मात्र वहिवाट सर्वांची. लबाडीचेच कर्तव्य करून टाकण्याचे हे कारस्थान इतके अप्रतिम आहे की, ते वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. आज त्या शहरात बासष्ट किलोमीटर भरतील इतक्या ओवऱ्या आहेत, आणि 2021 साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर ईझोलानी घराण्याचे घर आहे. त्याच्यापुढे तेराव्या शतकातील ओकचे उंच खांब अद्याप वरचा मजला तोलून उभे आहेत. त्या खांबांना हात लाव. लाकूड काळे पडलेले आहे, उभ्या चिरा गेल्या आहेत. आणि पलीकडे त्याच रांगेत दगडी खांबांची ओवरी सुरू होते, तेव्हा टेकूची कमान कशी झाली हे कोणी न सांगता कळते. सान लूकाच्या टेकडीवरील देवस्थानाकडे जाणारी, 666 कमानींची ओवरी जवळजवळ चार किलोमीटर चढते. श्रीकांतरावांच्या गुडघ्याची तक्रार अद्याप असेल, तर वर गाडीने जा आणि उतरताना चाला.

जेनोआ बहुतेक प्रवासी वगळतात, तू वगळू नकोस. तेथील स्त्रादा नुओवा, ज्यास हल्ली गारिबाल्दीचे नाव आहे, हा सोळाव्या शतकाच्या मध्यावर सरदार-सावकारांनी आपल्या वाड्यांसाठी मुद्दाम आखलेला रस्ता होय. प्रजासत्ताकाला स्वतःचा राजवाडा नव्हता. तेव्हा बाहेरून राजे, वकील, धर्माधिकारी आले की त्यांची बडदास्त कोणी ठेवावयाची? 1576 साली सिनेटने वाड्यांची प्रतवारी लावून फर्द तयार करविली, आणि पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे त्या त्या प्रतीतील वाड्याची चिठ्ठी निघू लागली. ज्याची चिठ्ठी निघे त्याला नकार देण्याची मुभा नसे. रुबेन्स या चित्रकाराला हे वाडे इतके भावले की 1622 साली त्याने त्यांच्या नकाशांचा ग्रंथच छापविला. रस्ता मात्र इतका अरुंद की वाड्याचे दर्शनी अंग एका नजरेत मावत नाही. तुर्सी वाड्यात आता नगरपालिका आहे. कचेरीच्या कामासाठी इतका उमदा जिना चढणाऱ्या कारकुनांचा मला हेवा वाटला.

रोमविषयी सर्व जग लिहिते, तेव्हा मी थोडक्यात आटोपतो. पियात्सा नावोना लांबट आहे, कारण ती डोमिशियन बादशहाची शर्यतभूमी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी घरे उभी राहिली, मधले मैदान मोकळे राहिले. तेथे बेर्निनीचे चार नद्यांचे कारंजे आहे, 1651 सालचे. चारांपैकी एक आपली गंगा! तिला शोधताना साडीचोळीतील देवी शोधू नकोस. हातात वल्हे घेतलेला दाढीवाला धिप्पाड पुरुष म्हणजे गंगा. गंगा नौकानयनास योग्य असल्याची ती खूण. काम्पिदोल्यो टेकडीवरील चौकाची फरसबंदी मायकेलँजेलोने आखली, ती प्रत्यक्षात बसली 1940 साली. मंजुरीनंतर कागद पडून राहण्याचा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे, असे मानणाऱ्यांनी तेथे जाऊन यावे.

पण हुकमत असली म्हणजे शहाणपण असतेच असे नव्हे. सेंट पीटरसमोर बेर्निनीने 284 खांबांचे कवेत घेणारे पटांगण बांधले, त्याच्याकडे येणारी वाट गल्लीबोळांची होती. अंधाऱ्या गल्लीतून निघालेला यात्रेकरू एकाएकी त्या विस्तारात येऊन पडे. मुसोलिनीच्या अमदानीत 1936 पासून तो मोहल्ला जमीनदोस्त करण्यात आला आणि तेथून सरळसोट राजमार्ग काढला, जो 1950 साली पुरा झाला. आता पटांगण लांबूनच दिसते, आणि म्हणूनच पोहोचल्यावर काही होत नाही. तुला शक्य असेल तर त्या मार्गाने न जाता बाजूच्या बोर्गो या मोहल्ल्याच्या गल्ल्यांतून जा.

व्हेनिसचा सान मार्को चौक पाहण्यास माझ्या शिफारशीची गरज नाही. तेथे कॉफी घ्यावयाची तर काउंटरशी उभ्याने घ्या. चौकातल्या खुर्चीवर बसलात की खुर्चीचे आणि वाद्यवृंदाचे पैसे निराळे पडतात.

माझ्यासाठी काही वस्तू आणू नकोस, घरात ठेवावयास जागा नाही. मात्र एक काम कर. जेनोआच्या त्या रस्त्याची रुंदी सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी, स्वतःच्या पावलांनी मोज आणि मला कळव; मी गेलो तेव्हा मालवाहू मोटारींनी तो अडविला होता आणि माझ्या वहीत त्या रकान्यापुढे अद्याप रेघ आहे. चि. श्रीकांतरावांस आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंस नमस्कार.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका