पाव हिस्सा पाणी

पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी ताकाबद्दल विचारते, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : ‘घेतो की रोज!’ पुढचे प्रश्न मात्र त्याला अनपेक्षित असतात. दूध कुठलं? विरजण कधी लावता? दही फ्रिजमधलं की बाहेरचं? घुसळता कशानं? लोणी निघतं का? पाणी किती घालता? जेवताना पिता की उन्हातून आल्या आल्या? एवढं लिहून घेतलं, की निम्मं निदान हाताशी आलेलं असतं. बऱ्याच जणांच्या पोटात रोज जातं ते दोन दिवसांचं आंबट ढाण दही, पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवलेलं. त्याला ताक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाशात ताकाचे पाच प्रकार सांगून ठेवलेत. सायीसकट दही पाणी न घालता घुसळलं तर तो घोल. साय काढून, पण पाणी न घालता घुसळलेलं मथित. दह्याच्या पाव हिस्सा पाणी घातलं तर तक्र, निम्मं घातलं तर उदश्वित. आणि साय काढून, भरपूर पाणी घालून केलेली पातळ, ती छच्छिका. पाचांचे गुण वेगळे, पाचांचे रुग्ण वेगळे. दही तेच, रवी तीच. फरक फक्त पाण्याचा आणि स्निग्धाचा. वैद्यकी शिकताना हा भाग मी पाठ केला होता. त्याची किंमत कळली ती रुग्णांच्या घरची ताकं चाखायला लागल्यावर. ग्रहणीच्या, म्हणजे पचन जुनाट बिघडलेल्या, रुग्णांना मी अजूनही घरचं ताक बाटलीत घालून आणायला सांगते.

ताक बिघडतं ते बहुधा दह्यातच. दूध तापवून, करंगळीला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं. थंडीत भांडं गुंडाळून उबेला ठेवावं लागतं. घाई करून अदमुरं दही घुसळलं तर पोट जड होतं. आयुर्वेदात असं अर्धवट लागलेलं दही तिन्ही दोष वाढवणारं मानलंय, आणि माझा अनुभवही तोच आहे. फार मुरलं तर आंबटपणा चढतो आणि छातीत जळजळ सुरू होते. या दोहोंच्या मधली वेळ पकडायची. चार वाट्या दह्याला एक वाटी पाणी, उन्हाळ्यात गार, थंडीत किंचित कोमट, आणि लोणी वर येईपर्यंत रवीनं घुसळायचं. हल्ली बायका तक्रार करतात की कितीही घुसळा, लोणीच येत नाही. त्यांचा हात कमी पडत नाही. होमोजिनाइज केलेल्या दुधात चरबीचे कण यंत्रानं इतके बारीक फोडलेले असतात, की ते पुन्हा एकत्र येऊन लोण्याचा गोळा धरत नाहीत. अशा वेळी मी गवळ्याकडचं दूध आणून नीट उकळायला सांगते. औषध म्हणून ताक द्यायचं तर लोणी माझ्या हुकमात हवं.

कारण चरकांनी मूळव्याधीच्या चिकित्सेत ताकाची मात्रा अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर, सोपवली आहे. अग्नी फारच मंद असेल तर सगळं लोणी काढलेलं ताक, थोडा बरा असेल तर निम्मं काढलेलं, सुधारला की लोण्यासकट. हा चढता क्रम मला आयुर्वेदातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो. रुग्णाला काय पचतंय हे बघत बघत वैद्यानं एकेक पायरी चढायची. तिथेच चित्रकाचाही एक प्रयोग आहे : चित्रकमुळाची साल वाटून मातीच्या भांड्याला आतून लेप द्यायचा, त्यात दही लावायचं आणि त्याचं ताक प्यायचं. मी तो करते, पण घरी करायला कुणालाही सांगत नाही. चित्रकाचं मूळ उग्र असतं, त्वचेला लागलं तर फोड येतात आणि गरोदर बाईला ते वर्ज्यच. भांड्याला किती लेप द्यायचा हे हाताला कळायला वर्षं जातात.

ताकात काय घालायचं हेही रुग्ण बघून. पोट फुगतं, वारा धरतो, त्याला आंबटसर ताकात सैंधव (रक्तदाब असेल तर तेही बेतानं, शेवटी ते मीठच). पित्ताची प्रकृती असेल तर गोड ताकात थोडी साखर. जिभेवर पांढरा थर, तोंडाला चव नाही, जेवल्यावर झोप आवरत नाही, त्याला सुंठ-मिरी-पिंपळी. ही वाटणी सुश्रुतांची आहे. पावसाळ्यात पोट सारखं ढिलं होणाऱ्याला मी कुड्याच्या सालीचं चूर्ण ताकाबरोबर देते. कोकणातली माणसं त्याच कुड्याच्या फुलांची भाजी करतात, ती मला मनापासून आवडते. ज्या हंगामात पोटं बिघडतात त्याच्या तोंडावरच ती फुलं ताटात येतात.

जेवणाचा शेवट ताकानं, तसा आरंभ हिंग्वाष्टकानं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर फक्की मारणारे खूप भेटतात, त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते की हे चूर्ण पहिल्या घासाचं आहे. अन्न पोटात पोचण्याआधी अग्नी जागा व्हायला हवा. हिंग तुपात फुलवून घेतलेला असावा, आणि शक्यतो शुद्ध. बाजारातल्या बांधानी हिंगात डिंक आणि गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ असतं. गहू न सोसणाऱ्याला चिमूटभर हिंगातूनही तो जातो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. हा इतका घरचा वाटणारा पदार्थ आपल्याकडे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. पालमपूरच्या संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2020मध्ये लाहौल खोऱ्यात त्याचं पहिलं रोप लावलं, ती बातमी मी दवाखान्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवली होती.

आता ज्यांना ताक द्यायचं नाही त्यांच्याबद्दल. सुश्रुतांनी नावं घेऊन सांगितलंय : आत जखम असलेला, दुर्बळ, भोवळ येणारा, अंगाचा दाह होणारा, रक्तपित्ताचा (रक्तस्रावाचा) रुग्ण. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणारी आजी ‘पोटात आग पडते, म्हणून थंड ताक पिते’ म्हणाली, की मी आधी ताक थांबवते. त्या गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला व्रण होतात, आणि व्रणावर आंबट नको. तिथं ज्येष्ठमध, दूध, तूप. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नेदरलंड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्कानं जठरव्रण भरतात असं पाहिलं, आणि त्याच रुग्णांना सूज येते हेही पाहिलं. दोन्ही खरं आहे. जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलेलं ज्येष्ठमध शरीरात पाणी साठवतं, पोटॅशियम उतरवतं, रक्तदाब चढवतं. म्हणून ‘मुळीच तर आहे, चघळली तर काय होतंय’ हे मला पटत नाही.

व्रण केवळ गोळ्यांनीच होतात असं नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात दाखवला. पुढे 2005मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो जंतू सापडला तर त्याला प्रतिजैविकंच लागतात. काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना उतरणारं वजन, घास अडकणं, यातलं काही दिसलं तर मी चूर्णाची पुडी बांधत नाही, एंडोस्कोपीची चिठ्ठी लिहिते. रुग्ण कधी कधी नाराज होतात, ‘तुमच्याकडे आलो ते त्यासाठीच नाही का’ म्हणतात. मी चिठ्ठी परत घेत नाही.

सुश्रुतांच्या त्याच यादीत उष्णकाळही आहे. उन्हाळ्यात ताक नको! हे ऐकून माणसं चमकतात, कारण आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ताकाचाच हंगाम. मला वाटतं, उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातात आपण जो पेला ठेवतो ती छच्छिका असते. तहान आणि थकवा घालवणारी, हलकी, थंड, असंच तिचं वर्णन आहे. पाव हिस्सा पाण्याचं तक्र वेगळं. ते उष्ण आहे, अग्नी पेटवतं, ते वैशाखात रोज पिऊन अंगावर उष्णता उठलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मी ताक बंद करायला सांगत नाही, पाणी वाढवायला सांगते. जिरं भाजून घाला, कोथिंबीर घाला, हिरवी मिरची नको.

आणि ज्यांना तक्रप्रयोग, म्हणजे औषध म्हणून ठरावीक दिवस ताक, दिलाय त्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवते, की बरं वाटलं म्हणून एका दिवसात सोडायचा नाही. प्रयोग सात दिवसांचा असो, पंधरवड्याचा वा महिन्याचा, ताक जसं चढवत नेलं तसंच उतरवायचं आणि त्या जागी अन्न वाढवत न्यायचं : आधी पेज, मग मऊ भात, मुगाचं वरण, मग भाकरीचा पापुद्रा. अख्खी भाकरी पचायला लागली की दुपारच्या जेवणाशेवटी वाटीभर ताक राहू द्यायचं, ताजं, त्याच दिवसाचं. रात्री मात्र नाही.