छेद मोठा की छोटा?

आमची धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. घरात आनंदीआनंद! बाळ जरा पिवळे दिसे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कोवळ्या उन्हात धरा, जाईल." आम्ही पदवीधर कारकून, वस्तीत आरोग्य शिबिरे भरवणारे कार्यकर्ते, पण आम्हीही त्याला मान डोलावली.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेले, तेव्हा नर्सताईंची नजर लंगोटावर गेली. शी पांढरट, पिठासारखी. लघवी मात्र गडद पिवळी. त्या म्हणाल्या, "ही साधी कावीळ नव्हे. आजच मोठ्या इस्पितळात न्या."

तपासण्या झाल्या. बाळाची पित्तनलिका बंद होती. यकृतातले पित्त आतड्यात उतरत नव्हते. आतच साचून यकृत नासवीत होते. यावर शस्त्रक्रिया एकच. जपानचे डॉक्टर मोरिओ कासाई यांनी ती १९५० च्या दशकात शोधली. बंद नलिका काढून टाकायची आणि लहान आतडे थेट यकृताच्या तळाशी जोडायचे. बाळ दोन महिन्यांचे व्हायच्या आत ती झाली तर आशा जास्त.

इथे घरात वाद उभा राहिला. मेहुण्यांच्या साहेबांचे पित्ताशय दुर्बिणीने काढले होते. तिसऱ्या दिवशी साहेब घरी! मेहुणे म्हणाले, "दादा, एवढ्याशा पोटावर एवढा मोठा छेद? मुलीची जात आहे. कर्ज काढू, पण दुर्बिणीनेच करू." आम्हालाही ते पटले. आम्ही खाजगी दवाखाने धुंडाळू लागलो. त्यात पाच दिवस गेले.

शेवटी सरकारी इस्पितळातल्या सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवले आणि केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून दाखवले. त्या म्हणाल्या, "पित्तनलिकेला फुगा येण्याचा एक वेगळा आजार असतो. त्यात अनुभवी हातांनी दुर्बिणीचे ऑपरेशन चांगले होते. व्रण लहान राहतो, मूल लवकर घरी जाते. पण तुमच्या बाळाची नलिकाच बंद आहे. यकृताच्या तळाशी नेमके किती खोल कापायचे, यावर सारे अवलंबून. जर्मनीत हॅनोव्हरला दोन्ही पद्धतींची तुलना केली. दुर्बिणीच्या गटात स्वतःचे यकृत टिकलेली मुले कमी निघाली, म्हणून त्यांनी ती पद्धत थांबवली. २०११ साली ते छापून आले. पुढे चीन-जपानच्या काही सर्जनांनी दुर्बिणीनेही बरोबरीचे यश दाखवले. पण त्यांचा हात त्यात बसलेला होता. माझा हात उघड्या ऑपरेशनवर बसला आहे. व्रण पोटावर राहील, पण आपल्याला वाचवायचे आहे ते यकृत."

मेहुणे गप्प झाले. आम्हीही. अठ्ठावन्नाव्या दिवशी ऑपरेशन झाले. पुढे एका सकाळी बहिणीने लंगोट उघडला आणि ओरडली, "दादा, हिरवी शी!" शी पाहून साऱ्या घराला रडू फुटल्याचे आम्ही जन्मात प्रथमच पाहिले.

आज भाची तीन वर्षांची आहे. तपासण्या चालूच आहेत. या आजारातल्या पुष्कळ मुलांना पुढे यकृत बदलावे लागते, हे डॉक्टरांनी लपवले नाही. पोटावरचा व्रण ती सर्वांना कौतुकाने दाखवते. आम्हाला मात्र त्या व्रणापेक्षा वाया घालवलेले पाच दिवस टोचतात.

माता-भगिनींनो, बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली तर उन्हावर विसंबू नका, रक्त तपासून घ्या. शीचा रंग रोज पाहा. तैवान देशात २००४ पासून शीच्या रंगांचे कार्डच आईच्या हाती देतात. आपल्याकडे कार्ड नसले तरी डोळे आहेत. पांढरी, फिकट शी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ऑपरेशन ठरले तर छेद केवढा, हे नंतर विचारा. आधी विचारा, "डॉक्टर, ही शस्त्रक्रिया आपण किती बाळांवर केली आहे? आणि लवकरात लवकर कधी कराल?"