गीझर रुसतो तेव्हा

थंडीत फजरच्या वजूला गरम पाणी लागतेच, घरात म्हातारे माणूस असेल तर फारच. माझ्या अम्मीची बोटे थंड पाण्याने दिवसभर आखडून राहतात. म्हणून गॅस गीझर पेटला नाही की पहाटेच हाक येते, "बेटा, गीझर रूठ गया!"

रुसलेल्याला आधी कारण विचारावे, हे मी वर्गात मुलांकडून शिकलो. गीझरलाही तेच लागू. नळ सोडल्यावर टक-टक आवाज येतो, पण ज्योत नाही? मग बहुधा गॅस पोहोचत नाही. रेग्युलेटर आणि सिलिंडर बघा. टक-टकच नाही? खालच्या डबीतले दीड व्होल्टचे दोन्ही मोठे सेल एकदम बदला, पट्ट्यांवरचा गंज पुसा. तरीही गप्प? मग पाण्याचा दाब बघा. पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हाच ठिणगीचा खटका दाबला जातो. टाकी तळाला गेली असेल किंवा जाळीत क्षार साचले असतील, तर पडदा हलत नाही. पेटून लगेच विझत असेल, तर ज्योत ओळखणारा सेन्सर काजळलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचे. गॅसचा वास आला तर मात्र सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा आणि विजेच्या बटनाला हात लावू नका.

खरे सांगायचे तर मला धास्ती पेटलेल्या गीझरची वाटते. आमचा गीझर बाथरूममध्येच होता आणि गार वारा नको म्हणून अम्मी झरोक्यात वर्तमानपत्र कोंबायची. बंद जागेत ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला वासच नाही. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळू शकतो. बाहेरचे म्हणतात, "आज फार वेळ लावला."

मी अम्मीला म्हटले, पाणी बाधत असेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करायची सवलत दीननेच दिली आहे. जीव धोक्यात घालायला कुणी सांगितलेले नाही. ती म्हणाली, "पानी है, तो वजू करूंगी." शेवटी गीझरच बाहेर गॅलरीत हलवला. आत फक्त पाण्याचा पाइप येतो.

तुमचा गीझर बाथरूममध्ये असेल, तर आजच झरोका मोकळा करा आणि गीझर बाहेर बसवायचे बघा. सेल उद्या बदलले तरी चालतील.