बोडक्या मानेचा कोंबडा

दोस्तांनो, आठवडी बाजाराला तुम्ही जातच असाल. आमच्या हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीचा बाजार भरतो, तिथं एका कोपऱ्यात डालग्यांतून नुसते लाल तुरे डोकावत असतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या कोपऱ्यात मला आमच्या चौथीतला एक मुलगा दिसला. शेजारी त्याची आजी, आणि पुढ्यात पाय बांधलेला कोंबडा.

काय कोंबडा होता! अंग तांबडं, शेपटीत हिरवट काळी पिसं, आणि मान चक्क बोडकी! नुसती लालभडक कातडी, गळ्यापाशी पिसांचा एवढासा झुबका. बघता बघता एकानं आठशे रुपये मोजले आणि कोंबडा पिशवीत घालून तो गेलासुद्धा.

पोरगं माझ्याकडं बघेना. "गुरुजी, दरसाली मोठा कोंबडाच इकते ही."

"मंग काय बारका इकू? त्याला कोन घेतंय?" आजी म्हणाली. तिचंही खरंच होतं. वह्या-पुस्तकांपासून दवाखान्यापर्यंत सगळं त्या खुराड्यावर.

मी त्यांच्याबरोबरच काळीपिवळीत बसलो. कळमनुरीच्या उत्तरेला पैनगंगेकडं निघालं की काळी माती सरते, मुरूम लागतो. सागाची पानं गळून गेलेली, पळस मात्र पेटलेला. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा ४२ अंशांच्या वर जातो. माणसं घामानं निथळतात. कोंबडीला तर घामच येत नाही! ती चोच उघडून धापा टाकते. अशा वेळी बोडकी मान म्हणजे खिडकी उघडल्यासारखंच की. या जातीच्या अंगावर पिसंही कमी असतात, साध्या कोंबडीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत कमी. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अशाच बोडक्या मानेच्या देशी कोंबड्या वापरून 'हितकारी' नावाची जात तयार केली. आणि आपण? आपण तिला 'बोडकी' म्हणून हसतो.

खुराड्यात आता उरला होता एक बारका, भित्रा कोंबडा. पुढच्या पिल्लांचा बाप तोच! सांगा पाहू, दरसाली असंच चाललं तर काय होईल? आमच्याकडं हळदीचं बेणं ठेवताना जाड, निरोगी कंद बाजूला काढतात. कोंबड्यांचं बेणं मात्र दर बाजारी विकतात.

झाबुआचा कडकनाथ तुम्हांला ठाऊक असेल. मध्य प्रदेशातल्या भिल्लांनी सांभाळलेला, पिसांपासून हाडांपर्यंत काळा. तोही कमी कमी होत चालला होता. मग निवडून पैदास सुरू झाली, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण २०२१ च्या जानेवारीत झाबुआतल्याच एका फार्मवर बर्ड फ्लू आला! म्हणून बेणं एकाच घरी ठेवू नये.

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय उपेग? कोंबडा तर गेला."

कोंबडा गेला होता, पण सगळा गेला नव्हता बरं का! कोंबडा निघून गेल्यावरही कोंबडी दहा-बारा दिवस फळणारी अंडी देऊ शकते. आणि भुशाच्या घमेल्यात त्या आठवड्याची अकरा अंडी होती. तीही पुढच्या बाजारी जाणारच होती.

"यातली काही बारक्याची असतील," मी म्हणालो, "पण कळेल आपल्याला." कसं कळेल? अहो, आजीच्या सगळ्या कोंबड्या पिसांच्या मानेच्या. बोडकेपणा लपून राहत नाही. आई किंवा बाप बोडका असेल तरच पिल्लू बोडकं निघतं. म्हणजे बोडकं पिल्लू निघालं, की ते आठशे रुपयेवाल्याचंच!

आजी खूप वेळ बोलली नाही. अंड्यांचेही पैसे येणार होते ना. शेवटी उठली आणि कोपऱ्यातली खुडूक कोंबडी उचलून घमेल्यावर ठेवली. ती लगेच पिसं फुलवून बसली. अशी बसणारी कोंबडी हीसुद्धा संपत्तीच. जास्त अंड्यांसाठी आणलेल्या संकरित कोंबड्यांना बहुधा बसणंच ठाऊक नसतं.

एकवीस दिवस पोरगं रोज शाळेत येऊन सांगे, "बसलीय." बाविसाव्या दिवशी धावतच आलं. अकरातून आठ पिल्लं, त्यांतली तीन बोडकी!

एक घारीनं नेलं. उरलेल्या दोघांना मानमोडीची लस मिळाली. दिवाळीपर्यंत कळलं, एक कोंबडा, एक तलंग. आता दोघं भाऊबहीण. त्यांचीच जोडी लावली तर पुढची पिल्लं कमजोर निघायची भीती. म्हणून ठरलं, कोंबडा इथं राहील, तलंग मुलाच्या मामाच्या गावी जाईल आणि तिकडची एक इकडं येईल. बाजारात त्या वेळी आजीनं विकला तो बारका. तीनशेच आले. घरी येईपर्यंत ती कुरकुरत होती.

तलंग पोचवायला ती एसटीत चढली तेव्हा मी स्टँडवरच होतो. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, डालग्यात काय?"

आजी म्हणाली, "बेनं हाय."