25 सेंटचा हिशेब

फ्रँकफर्टजवळच्या एका गावात आमचं भारतीय किराणा दुकान आहे. जागा 70 चौरस मीटर. 2021 च्या दिवाळीआधी ते सुरू केलं, तेव्हा डाळी, पिठं, मसाल्यांचा हिशेब आम्हाला येत होता. 'फांड'चा येत नव्हता.

फांड म्हणजे बाटलीचं डिपॉझिट. जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट जास्त घेतात. रिकामी बाटली आणून दिली की दुकानदाराने ते परत द्यायचे. लहानपणी सांगलीला थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोचवायचं काम माझंच असायचं. त्यामुळे मला वाटलं, यात शिकायचं ते काय!

पहिला फटका आंब्याच्या रसाने दिला. पूर्वी फळांच्या रसाला फांड नव्हतं. 1 जानेवारी 2022 पासून रसाचे कॅनही त्यात आले. आधीचा माल 1 जुलैपर्यंत विकायची मुभा होती. ऑगस्टमध्ये एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही स्वस्तात पाच खोकी उचलली. कॅनवर फांडचं चिन्हच नव्हतं. एका गिऱ्हाइकाने दाखवलं तेव्हा कळलं. असा माल विकणं बेकायदा. व्यापाऱ्याने परत घेतला नाही. पैसे गेले.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. बाटल्या गिळणारं मशीन आमच्यासारख्यांना परवडत नाही, म्हणून आम्ही हाताने घेतो. गल्ल्यातून पैसे देतो, माल पोत्यात भरतो, सील लावतो. पोती मोजणी केंद्रात जातात आणि मोजून झाल्यावर पैसे आम्हाला मिळतात. मागची खोली तांदळाच्या पोत्यांनी भरलेली. जागा वाचावी म्हणून मी रोज रात्री कॅन पायाखाली घेऊन चपटे करायचे. 340 कॅन झाले, म्हणजे 85 युरो आम्ही गिऱ्हाइकांना दिलेले. मोजणीत जेमतेम निम्मे धरले गेले. बाकीच्यांचा बारकोड आणि चिन्ह घडीत गेलं होतं, वाचताच येत नव्हतं. मोजणी केंद्राचं ते पत्र मी दोन दिवस नवऱ्याला दाखवलं नाही.

त्या धसक्याने मी आणखी एक चूक केली. आमच्या भागातले एक आजोबा कचऱ्याच्या पेट्यांजवळून बाटल्या गोळा करतात. त्यांनी आमच्याकडे मिळणाऱ्या कोलाचे सहा कॅन आणले. चेमटलेले होते. मी नाही म्हटलं. ते काही न बोलता पिशवी उचलून गेले.

नंतर ग्राहक सल्ला केंद्रात विचारलं. कॅन चेमटलेला असला तरी चिन्ह वाचता येत असेल तर दुकानदाराला तो नाकारता येत नाही. पावती मागता येत नाही. त्या पैशांत आमच्याकडचंच काही घ्या, असंही म्हणता येत नाही. दुकान 200 चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर आपण ठेवतो त्याच ब्रँडच्या बाटल्या घेतल्या तरी चालतं. मोठ्या दुकानाला ती सवलत नाही. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या विकत असतील तर कुठल्याही ब्रँडची फांडवाली प्लास्टिकची बाटली घ्यावीच लागते. इतके दिवस आम्ही शेजारच्या सुपरमार्केटच्या पाण्याच्या बाटल्याही घेत होतो आणि आपल्याच कॅनना नाही म्हणत होतो.

आता नवीन माल आला की खोकं फोडून आधी चिन्ह बघते, मगच पावतीवर सही करते. फांडच्या पैशांचा स्टीलचा डबा वेगळा ठेवलाय. ते पैसे गिऱ्हाइकाचे, आपल्याकडे नुसते ठेवायला दिलेले. तांदळाची पोती मांडणीवर चढवली, खाली कॅनना जागा झाली. 2024 पासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या दुधाला आणि दुधाच्या पेयांनाही फांड लागलं, तेव्हा लस्सीचा माल आम्ही वेळेत तपासून घेतला.

आजोबा दोन महिने आले नाहीत. मग एका मंगळवारी दारात उभे दिसले, हातात तीच निळी पिशवी. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी माफी मागितली आणि त्या दिवशीच्या सहा कॅनचे दीड युरो आधी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी नाणी मोजली, मान हलवली आणि पिशवी काउंटरवर रिकामी केली.