गरवणाऱ्यास प्रश्न विचारताना

बंदुकीची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. आमच्या तुंगारेश्वरात आता बिबट्याच्या बाजूने कायदा आहे आणि आपल्या बाजूने फक्त पाय. पण शिकाऱ्याची जात अशी नष्ट होत नाही. वसईत ती गळ घेऊन किल्ल्यामागच्या जेटीवर बसते. मी त्या जातीत वीस वर्षं मुरलो आहे. एवढ्या काळात मी धरलेल्या माशांपेक्षा मला लोकांनी विचारलेले प्रश्न वजनाला नक्की जास्त भरतील.

नवशिके येतात रविवारी. पूर्वी विरार लोकलने यायचे. २०२४ साली भाईंदरहून रो-रो सुरू झाल्यापासून मोटारीसकट येतात. अंगात सतरा खिशांचं जाकीट, हातात कोरी करकरीत दांडी, रीलवर किमतीची चिठ्ठी तशीच. पहिला प्रश्न ठरलेला. "काका, इथे मासे मिळतात का?"

"मिळतात की. बाजारात."

दुसरा प्रश्न, "किती मिळाले?" अहो, भरल्या घरात माणसाला पगार विचारतात का? आणि तिसरा, "नेमकी जागा कुठली?" १७३७ला निघालेल्या मराठी फौजेला हा किल्ला मिळायला १७३९चा मे उजाडला. या गृहस्थांना जिताड्याची जागा पाच मिनिटांत हवी असते, तीही पार्किंगजवळ!

जेटीच्या टोकाला आमचे मामा बसतात. हाडाचे कोळी. दांडी नाही, रील नाही. बोटाला तंगूस आणि तोंडाला कुलूप. गेल्या वर्षी एक पोरगा आला, तो मात्र काही विचारेचना. मामांच्या मागे, त्यांची सावलीसुद्धा तुडवली जाणार नाही इतक्या अंतरावर तासभर बसला. मामांच्या तंगूसाचा गुंता झाला तो मुकाट्याने सोडवून दिला. आणि मग म्हणाला, "मामा, आज तिथी कुठली?"

झालं! कुलूप उघडलं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास निघतो, हे मामांनी त्याला बोटांवर शिकवलं. अष्टमीचे सहा, त्या दिवसांत भांगाचं पाणी, जोर नाही. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमाराला उधाण. पाणी फिरायच्या वेळेला गळ पाण्यात हवा आणि गळाला कोळंबी जिवंत हवी. मला हे कळायला दोन पावसाळे लागले होते. (म्हणजे मामा मला दोन पावसाळे पारखत होते.) त्या पोराचा मला थोडा रागच आला.

परवाच्या रविवारी 'नेमकी जागा कुठली' छापाचा एक तरुण मामांकडून हात हलवत परत गेला आणि माझ्या शेजारी बसला. नवख्याचं नशीब! दहा मिनिटांत शिंगाळा लागला. पठ्ठ्या आनंदाने ओरडला आणि फडफडता मासा उघड्या हाताने धरायला वाकला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे तीन करवती काटे असतात, विषारी. एक जरी तळव्यात घुसला तरी धडधाकट माणूस आईच्या नावाने हंबरडा फोडतो. मी "अरे अरे" म्हणेपर्यंत मामा तंगूस दगडाला अडकवून धावत आले. त्यांनी पोराला ढकललं, माशावर चप्पल ठेवली, पकडीने गळ काढला.

तेवढ्यात तिकडे दगडावरचा तंगूस टणकन तुटला.

पोरगा पांढराफटक पडला होता. जरा वेळाने त्याने चाचरत विचारलं, "मामा, तुमचा... मोठा होता का हो?"

सुटलेला मासा सांगताना मामांचे हात एरवी पाचूबंदरापासून अर्नाळ्यापर्यंत पसरतात. त्या दिवशी त्यांनी वीतभरच अंतर दाखवलं. "बोय असंल," म्हणाले, "पावशेर."

तो तंगूस कसा ताणला होता ते मी पाहिलं होतं. पाच किलोच्या आतल्या माशाचं ते काम नव्हे.